घर मिळालं, पण घरासारखं वाटतं का?

‘इंटिरिअर डिझाइन’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? फॉल्स सीलिंग, पीओपी, मॉड्युलर किचन, आणि एखाद्या ग्लॉसी मॅगझिनमधला पांढरा सोफा, ज्यावर कुणीच कधी बसलेलं नसतं. थोडक्यात, ज्यांच्याकडे आधीच सगळं आहे त्यांनी पैसे कुठे घालवायचे, याचं शास्त्र! निदान आपल्या सिव्हिलच्या मुलांचं तरी तेच मत. ‘आपण बिल्डिंग उभी करायची, मग कुणीतरी येऊन पडद्यांचे रंग ठरवणार.’

मला मात्र वाटतं की इंटिरिअर डिझाइनची सगळ्यात जास्त गरज त्या माणसाला आहे, जो काल-परवापर्यंत फूटपाथवर राहत होता आणि आज ज्याच्या हातात पहिल्यांदाच फ्लॅटची किल्ली आली आहे. त्याला पांढरा सोफा नकोय. ‘ही जागा माझी आहे’ असं वाटणं, एवढंच त्याला हवंय. ते वाटणं आपोआप येत नाही. ते खोलीची उंची, खिडकी, दार, फळी आणि कुलूप यांतून येतं. आणि हे सगळं ड्रॉइंग बोर्डवर ठरतं, म्हणजे आपल्यासारख्यांच्या हातून.

आधी ‘बेघर’ म्हणजे कोण ते बघू. आपल्या जनगणनेत ज्यांच्या डोक्यावर छप्पर असलेलं घरच नाही, जे रस्त्याच्या कडेला, फूटपाथवर, पुलाखाली, रेल्वे प्लॅटफॉर्मवर किंवा ह्यूम पाइपमध्ये राहतात, त्यांची वेगळी मोजणी होते. २०११ च्या जनगणनेत देशभरात अशी सुमारे १७ लाख ७३ हजार माणसं मोजली गेली. ह्यूम पाइप! आपण तो ड्रेनेजच्या चॅप्टरमध्ये शिकतो, त्याचा डायमीटर काढतो. त्यात कुणी संसार मांडत असेल, हा विचार त्या गणितात कुठेच येत नाही.

मुंबईत फूटपाथवर राहणाऱ्यांची गोष्ट जुनी आहे. १९८१ मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांच्या सरकारने फूटपाथवरच्या लोकांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवायचं ठरवलं. भर पावसात झोपड्या पाडल्या गेल्या. पत्रकार ऑल्गा टेलिस आणि इतरांनी त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात धाव घेतली. जुलै १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या खंडपीठाने निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे हे कोर्टाने मान्य केलं, पण रीतसर नोटीस देऊन फूटपाथ मोकळे करायचा महापालिकेचा अधिकारही कायम ठेवला. म्हणजे तत्त्व जिंकलं, झोपडी हरली.

त्याच वर्षी ‘स्पार्क’ या संस्थेने भायखळा आणि आसपासच्या रस्त्यांवरच्या सुमारे सहा हजार कुटुंबांची पाहणी केली आणि तिला नाव दिलं ‘वुई, द इन्व्हिजिबल’. मग तिथल्याच बायकांची ‘महिला मिलन’ ही संघटना उभी राहिली. या बायकांनी पुढे जे केलं, ते खरं तर सिव्हिलच्या प्रत्येक मुलाला फर्स्ट इयरलाच सांगायला हवं. घर मिळेल की नाही याचा काहीही पत्ता नसताना त्या आपलं घर कसं असावं हे ठरवायला बसल्या! वेगवेगळ्या वसाहती बघून आल्या. विटा, सिमेंट, पत्रा यांचे भाव काढले. आणि कागदावरचा प्लॅन सगळ्यांना वाचता येत नाही, म्हणून बांबू आणि कापड वापरून खऱ्या मापाची घरं उभी केली. त्यांत शिरून, बसून, हात पसरून बघितलं आणि मगच मत दिलं. आपण ज्याला आज ‘वॉकथ्रू’ म्हणतो आणि ज्यासाठी सॉफ्टवेअर शिकतो, ते त्यांनी ऐंशीच्या दशकात कापड लावून केलं.

त्यांनी काय मागितलं? मोठा हॉल नाही, बाल्कनी नाही. मागितली १४ फूट उंचीची खोली आणि निम्म्या भागावर पोटमाळा. का, ते उघड आहे. एकाच खोलीत सासू-सासरे, नवरा-बायको, मोठ्या झालेल्या मुली आणि अभ्यास करणारा मुलगा. झोपायची एक वेगळी पातळी मिळाली तर घरात निदान दोन खोल्या झाल्यासारख्या होतात. दुसरी गोष्ट ऐकून तर भलेभले आर्किटेक्ट चक्रावले असतील. संडास घरात नको, बाहेर काही कुटुंबांत मिळून एक असला तरी चालेल, असा अनेकींचा कल होता. आपल्याला हे मागासलेपण वाटेल. पण पाण्याची खात्री नसताना एवढ्याशा खोलीत चुलीशेजारी संडास म्हणजे काय, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळत होतं. वर ती जागा वाचते ती वेगळीच.

या पोटमाळ्याचा मी जरा हिशोब करत बसले. पंधरा बाय पंधराची खोली घ्या. क्षेत्रफळ २२५ चौरस फूट. नेहमीची उंची ९ फूट. ती १४ फूट केली तर भिंतींचं क्षेत्रफळ ५४० वरून ८४० चौरस फूट होतं, म्हणजे साधारण ५५ टक्के जास्त. खर्च वाढतो, यात वाद नाही. पण निम्म्या भागावर पोटमाळा टाकला की ११२ चौरस फूट जादा जागा मिळते, आणि जमीन एक इंचही वाढत नाही. स्लॅबची जाडी वजा केली तरी खाली-वर पावणेसात फुटांच्या आसपास उंची राहते, म्हणजे माणूस ताठ उभा राहतो. मुंबईत महाग काय आहे, वीट की जमीन? उत्तर शेंबडं पोरही देईल. शिवाय गरम हवा वर जाते, त्यामुळे वरच्या बाजूला झरोका ठेवला तर खोली हवेशीर राहते. धारावीतल्या राजीव-इंदिरा सोसायटीच्या इमारतीत अशी १४ फुटी, पोटमाळ्याची घरं प्रत्यक्षात बांधली गेली. म्हणजे हे फक्त स्वप्नरंजन नव्हतं.

पण मोठी गोष्ट पुढेच आहे. ‘काहीही द्या, ते घेतीलच’ असं आपण गृहीत धरतो. फूटपाथवर राहणाऱ्या माणसाला घराचं काय कळतं, असं आपल्याला वाटतं. खरं तर त्याला जागेची जेवढी अक्कल असते तेवढी आपल्याला नसते. पाच-सहा फुटांत चूल, पाण्याचं पिंप, कपड्यांचं बोचकं, देवाचा फोटो, मुलाची वह्या-पुस्तकं, सगळं जिथल्या तिथे असतं. तो इंचाइंचाचा डिझायनर असतो. फक्त त्याच्या डिझाइनमागे एक भीती असते: महापालिकेची गाडी कधीही येईल. म्हणून भिंतीत पक्कं काही ठोकायचं नाही, जड काही घ्यायचं नाही. पाच मिनिटांत उचलून पळता येईल एवढंच आपलं.

वर्षानुवर्षं असं जगलेल्या माणसाला आपण एकदम चौथ्या मजल्यावरच्या बंद खोलीत नेऊन बसवतो आणि म्हणतो, ‘झालं बुवा पुनर्वसन!’ बेघर लोकांसोबत काम करणारे कार्यकर्ते जगभरात सांगतात की नव्या घरात गेल्यावर काही जण कित्येक दिवस पलंग असूनही जमिनीवर झोपतात, दिवा चालू ठेवतात, सामान बांधून दाराजवळ ठेवतात. याला वेडेपणा म्हणायचं की अनुभव? मी अनुभव म्हणेन. हा अनुभव हळूहळू पुसायचं काम खोलीने करायचं असतं.

कसं? मला सुचतं ते असं.

पहिली गोष्ट कुलूप. हॉस्टेलवर राहणाऱ्यांनी आठवून बघा, पहिल्या दिवशी तुम्ही काय केलंत? कपाटाला कुलूप घातलंत आणि भिंतीवर एक पोस्टर किंवा आई-बाबांचा फोटो लावलात. म्हणजे एक जागा फक्त माझी केली आणि एक जागा माझ्यासारखी केली. चार वर्षांसाठी, घरी परत जायची खात्री असताना आपल्याला हे लागतं. मग ज्याचं काहीच सुरक्षित राहिलं नाही त्याला किती लागेल? सरकारी रात्र निवाऱ्यांच्या नियमावलीत माणशी किमान ५० चौरस फूट जागा आणि प्रत्येकाला वेगळा लॉकर असावा असं लिहिलेलं आहे. लॉकर म्हणजे रेशन कार्ड, आधार कार्ड, औषधं, पगाराचे चार पैसे. एका कार्डासाठी आख्खा दिवस रांगेत गेलेल्या माणसाला विचारा लॉकरची किंमत.

फिनलंडने तर कुलपाच्या जोरावर धोरणच बदललं. हेलसिंकीत बेघर लोकांसाठी मोठमोठी वसतिगृहं होती, एका खोलीत अनेक जण, सामायिक सगळं. २००८ नंतर त्यांनी ठरवलं की आधी घर द्यायचं, मग व्यसनमुक्ती, नोकरी वगैरे. घर म्हणजे स्वतःच्या नावाचा भाडेकरार आणि स्वतःची किल्ली. वसतिगृहांचं रूपांतर छोट्या फ्लॅट्समध्ये केलं. हेलसिंकीत २००८ मध्ये वसतिगृहांतल्या खाटा पाचशेहून जास्त होत्या, २०१६ पर्यंत ५२ उरल्या. भिंती पुष्कळदा त्याच जुन्या, फक्त आतली रचना बदलली. पण रांगेत झोपणारा माणूस भाडेकरू झाला.

दुसरी गोष्ट नजर. रस्त्यावर झोपणारा माणूस पाठ भिंतीला लावून झोपतो. नव्या खोलीतही त्याला झोपल्या जागेवरून दार दिसायला हवं. आपण प्लॅनमध्ये पलंग कुठे बसतो ते बघतो, पलंगावरून काय दिसतं ते बघत नाही. खिडकीचंही तेच. आपण डोळे झाकून सिल ९० सेंटिमीटरवर घेतो. खुर्चीवर बसणाऱ्याला ठीक आहे. पण जमिनीवर मांडी घालून भाजी निवडणाऱ्या बाईची नजर त्याहून खालीच असते. तिला खिडकी आहे, पण खिडकीतून काही दिसत नाही! सिल खाली घ्या, मजबूत ग्रिल लावा, म्हणजे पोरही पडणार नाही आणि बाहेरचं जगही तुटणार नाही.

तिसरी गोष्ट उंबरठा. फूटपाथवर प्रायव्हसी शून्य असते, पण सोबत भरपूर असते. शेजारीण मुलाकडे बघते, दुकानदार निरोप ठेवतो. फ्लॅटमध्ये दार लावलं की प्रायव्हसी शंभर टक्के आणि सोबत शून्य. मधली काही पायरीच नाही. म्हणून तर आपल्याकडे लोक जाळीचं सेफ्टी डोअर लावून मुख्य दार दिवसभर उघडं ठेवतात. हे पुनर्वसनाच्या इमारतीत पहिल्या दिवसापासून द्यायला काय हरकत आहे? दारासमोर कॉमन पॅसेज थोडा रुंद करून एक बसायचा कट्टा दिला, तर तिथे भाजी निवडली जाईल, अभ्यास होईल, भांडणंही होतील. होऊ देत! भांडायला शेजारी असणं हेही घराचंच लक्षण आहे.

चौथी गोष्ट फळ्या, खुंट्या आणि पिंप. २०० लिटरचं पिंप भरलं की २०० किलोचं होतं. ते कुठे ठेवायचं हे आपल्या ड्रॉइंगमध्ये कधीच नसतं. मग ते दारामागे जातं आणि दार अर्धंच उघडतं. भिंतीत चार ठिकाणी पक्के हुक, डोक्यावरून एक सलग फळी, पिंपासाठी मोरीजवळ कोपरा, देवासाठी कोनाडा किंवा ज्याला जे हवं त्यासाठी कोनाडा. हे बांधकामातच केलं तर खर्च किरकोळ आहे. नंतर भाडेकरू स्वतः खिळे ठोकतो आणि नेमकं कन्सिल्ड वायरिंग फोडतो.

अमेरिकेत फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीच्या प्राध्यापक जिल पेबल यांनी एका निवारागृहात दोन छोट्या, सारख्याच खोल्या घेतल्या. एक होती तशी ठेवली. दुसरीत सामान ठेवायला जादा जागा, बंक बेडला पडदे, वस्तू लावायला बोर्ड असे साधे बदल केले. दोन्हींत एकेक कुटुंब राहिलं. बदललेल्या खोलीतल्या कुटुंबाला आपल्या आयुष्यावर आपला थोडा ताबा आहे असं जास्त वाटलं. दोन कुटुंबांवरून जगाचा नियम काढता येत नाही, हे मान्य. पण पडद्याची किंमत बघता प्रयोग पुन्हा करायला कुणाचं काय जातं?

आता आक्षेप. पहिला आक्षेप नेहमीचा: ‘फुकट घर मिळतंय, वर सजावट पण हवी?’ मी सजावटीबद्दल बोलतच नाहीये. मी हवेबद्दल बोलतेय. मानखुर्दचा लल्लूभाई कंपाउंड आणि गोवंडीचा नटवर पारेख कंपाउंड बघा. प्रकल्पग्रस्तांना २२५ चौरस फुटांची घरं मिळाली, पण इमारती इतक्या जवळजवळ की दोन इमारतींमध्ये तीनेक मीटरचं अंतर. ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्या २०१८ च्या अभ्यासात दिसलं की तिथे क्षयरोगाचं प्रमाण जास्त आहे, आणि जिथे ऊन-वारा पोचत नाही अशा खालच्या मजल्यांवर ते आणखी जास्त आहे. आपल्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये मुंबईसारख्या दमट हवेसाठी खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश उघडी खिडकी सांगितली आहे. १२० चौरस फुटांच्या खोलीला २० चौरस फूट. पण खिडकी उघडून समोर भिंतच असेल तर? इथे कितीही सुंदर इंटिरिअर केलं तरी उपयोग नाही. आतलं डिझाइन बाहेरच्या डिझाइनची भरपाई करू शकत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं.

दुसरा आक्षेप: ‘यांना घर दिलं तरी विकून परत फूटपाथवर येतात.’ सगळेच जण असं करत नाहीत, पण काही जण करतात, खरं आहे. पण का, हे विचारा. भायखळ्यात धुणी-भांडी करणारी बाई मानखुर्दला गेली की कामं सुटतात, नाहीतर रोजचे दोन-तीन तास प्रवासात जातात. तो प्रश्न पोटमाळ्याने सुटणार नाही. डिझाइन हे सगळ्या दुखण्यांवरचं औषध आहे असा माझा दावा नाही. पण घरातली घुसमट हे निघून जायचं एक कारण असेल, तर ते कारण आपल्या हातात आहे.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो: चांगलं डिझाइन पुरतं का? लॉस एंजेलिसच्या स्किड रो भागात मायकल माल्टझन या आर्किटेक्टने ‘स्टार अपार्टमेंट्स’ बांधलं. २०१४ मध्ये लोक राहायला आले. १०२ घरं, फॅक्टरीत तयार करून क्रेनने रचलेली. खाली आरोग्य केंद्र, मधल्या मजल्यावर सामायिक स्वयंपाकघर आणि फिरायला ट्रॅक. जगभर कौतुक झालं. पण ती चालवणारी ‘स्किड रो हाउसिंग ट्रस्ट’ ही संस्था पैशाअभावी कोलमडली आणि २०२३ मध्ये तिच्या २९ इमारती कोर्टामार्फत दुसऱ्याच्या ताब्यात द्याव्या लागल्या. कारण सोपं आहे. लिफ्ट दुरुस्त करायला, नळ बदलायला, कचरा उचलायला दर महिन्याला पैसे लागतात. बक्षीस एकदाच मिळतं, मेंटेनन्स रोज लागतो. त्यामुळे माझं मत असं की पुनर्वसनाच्या घरात महाग मटेरिअल नकोच. कोपऱ्यावरच्या प्लंबरला आणि सुताराला दुरुस्त करता येईल तेच वापरावं.

मग करायचं काय? सरकारने झोपडपट्टी पुनर्वसनाचं घर १८० वरून २२५, २६९ आणि २०१८ पासून ३०० चौरस फूट केलं. चांगलंच आहे. पण चर्चा नेहमी चौरस फुटांचीच. ३०० चौरस फुटांत काय काय मावायला हवं, हे कुणी राहणाऱ्यांना विचारतं का? माझ्या मते प्रत्येक पुनर्वसन प्रकल्पात प्लॅन मंजूर होण्याआधी एक खऱ्या मापाची खोली उभी करून ती राहणाऱ्यांना दाखवणं सक्तीचं हवं. खर्च काही हजारांत. दहा बायका आत बसल्या की अर्ध्या तासात चुका सांगतील, ज्या आपल्याला पझेशननंतर दहा वर्षांनी कळतात. आणि खोली थोडी अपुरी ठेवावी. रंग, फळ्यांची जागा, पोटमाळ्याची शिडी हे राहणाऱ्याने ठरवावं. जे आपण स्वतः ठरवतो, ते आपलं वाटतं.

आणि मित्रांनो, आपणही काही करू शकतो. आपल्या बिल्डिंग ड्रॉइंगच्या सबमिशनमध्ये दरवर्षी तोच बंगला असतो: ड्रॉइंग रूम, डायनिंग, दोन बेडरूम, पोर्च. गेल्या वर्षीच्या शीटवरून ट्रेस मारला की काम तमाम! त्यातली एक, फक्त एक शीट ३०० चौरस फुटांची करू या. पाच माणसांचं कुटुंब, एक पिंप, एक शिलाई मशीन, दहावीतला मुलगा आणि जमिनीवर बसणारी आजी. शीट काढायच्या आधी अशा एका घरी जाऊन टेपने मापं घ्यायची आणि घरातल्या माणसांना विचारायचं, ‘काय अडतं?’ ही शीट गेल्या वर्षीच्या शीटवरून ट्रेस करता येणार नाही, हा सरांसाठी बोनस.

आपल्यातले निम्मे जण पुढे आयटीत जातील, काही एमएस करायला बाहेर. पण जे थोडे खरोखर बांधकामात राहतील, त्यांच्या टेबलावर कधीतरी पुनर्वसनाच्या इमारतीचा प्लॅन येईल आणि सिलची उंची लिहायची वेळ येईल. तेव्हा सवयीने ९० लिहिण्याआधी त्या आजीला विचारून घ्या.